दिवा पेटला म्हणजे इंजिन गेलं असं नाही

भिवंडी तालुक्यातल्या शेलारहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. या वेळेला आपण नेहमी कर्ज, हप्ते, मसाले-पापड, पोरींचं शिक्षण यावर बोलतो. आजचा विषय गाडीचा आहे. इंजिनातल्या एका लहानशा भागाचा आणि त्याला जोडलेल्या दोन वायरींचा.

हा विषय आपला नाही म्हणून उठून जाऊ नका. हल्ली पुष्कळ गटांनी, ग्रामसंघांनी गाड्या घेतल्या आहेत. कुणी भाजी बाजाराला नेतं, कुणी डबे पोहोचवतं, कुणी शाळेची मुलं सोडतं. गाडी गटाची, कर्ज गटाचं, हप्ता गटाचा. पण एकदा बॉनेट उघडलं की बोलणारा एक आणि मान डोलावणाऱ्या आपण दहाजणी. तिथे आपल्यालाही दोन प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी हे बोलणं आहे.

आमचं शेलार भिवंडी-वाडा रस्त्यावर, नदीनाक्याच्या पुढे, कामवारी नदीच्या अंगाला. आसपास मागांची खडखड आणि गोदामांची रांग. या कामगारांना दुपारचा डबा लागतो, तो आमचा गट पोहोचवतो. रोजचे १४० डबे. त्यासाठी कर्ज काढून पेट्रोल आणि सीएनजीवर चालणारी एक वापरलेली व्हॅन घेतली. गटातल्याच एक वहिनी ती चालवतात. रीतसर लायसन्स काढून, शिकून चालवतात.

गेल्या पावसाळ्यात गाडीच्या समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी बंद पडली नाही. पण चढावर दम टाकायला लागली, उभी असताना थरथरायची, आणि पंपावरचा खर्च वाढला. गॅरेजच्या दादांनी स्कॅनर लावून पाहिलं आणि सांगितलं, टायमिंगचा कोड आहे, चेन गेली असणार, इंजिन खोलावं लागेल, २२,००० रुपये धरून चाला.

आमचा महिन्याचा हप्ता ८,६०० रुपये. म्हणजे अडीच हप्त्यांहून जास्त रक्कम. बैठकीत त्या दिवशी बरंच ऐकायला मिळालं. कुणी म्हणालं, वहिनी गाडी हाणतात, खड्डे बघत नाहीत. कुणी म्हणालं, विकून टाका, टेम्पो भाड्याने लावू. वहिनींनी काही न बोलता किल्ली काढून सतरंजीवर ठेवली. मैत्रिणींनो, पैशाचा खड्डा बुजतो. पण एखाद्या बाईच्या हातून गाडी बिघडली असं एकदा गावात झालं, की मग दुसरी कुणी स्टिअरिंगला हात लावत नाही. आमच्यापुढे खरा प्रश्न तो होता.

आमच्या एका ताईंची लेक आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड शिकलेली आहे. ती तेव्हा घरी आली होती. तिने एकच विचारलं, “कोड कुठला आला तो नंबर लिहून आणलाय का?” नंबर कुणी मागितलाच नव्हता. दादांना फोन केला, त्यांनी लगेच सांगितला. पी००१०.

ती म्हणाली, “हा कोड वायरिंगचा आहे. आधी चेनकडे कशाला जायचं?”

आता हे नीट समजून घेऊ.

इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे झडपे असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. ते उघडणारा जो लांब दांडा, तो कॅमशाफ्ट. खाली पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेत असला, तर कॅमशाफ्ट सेकंदाला २५ वेळा फिरतो. एवढ्या वेगात झडपा नेमक्या क्षणी उघडली पाहिजे. उखळात दोघी समोरासमोर उभ्या राहून कांडतात तेव्हा एकीचं मुसळ वर आणि दुसरीचं खाली असतं. ताल चुकला की मुसळावर मुसळ आदळतं. टायमिंग म्हणजे हा ताल.

जुन्या इंजिनात हा ताल एकदा बसवला की तसाच राहायचा. नव्या इंजिनात तो गरजेप्रमाणे थोडा पुढे-मागे होतो. गाडी हळू चालताना एक ताल, भरलेली गाडी चढावर ओढताना दुसरा. त्यामुळे इंधन वाचतं आणि ओढ वाढते. हा बदल इंजिनातलं ऑइल करतं. कॅमशाफ्टच्या टोकाला एक चाक असतं, त्याच्या पोटात कप्पे असतात. एका बाजूच्या कप्प्यात ऑइल दाबाने गेलं की ताल पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला गेलं की मागे. शेतात आपण पाटाचं पाणी एका वाफ्याकडून दुसऱ्या वाफ्याकडे वळवतो, तसंच.

हे पाणी, म्हणजे ऑइल, वळवायचं काम करतो एक व्हॉल्व्ह. गॅरेजमध्ये त्याला ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा व्हीव्हीटी सॉलेनॉइड म्हणतात. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज गेली की लोहचुंबक तयार होतं आणि आतली दांडी सरकते. बहुतेक गाड्यांत त्याला दोनच वायरी असतात. एकीतून फ्यूजमार्गे बॅटरीचा करंट येतो. दुसरी गाडीच्या कॉम्प्युटरकडे जाते, आणि किती वेळ वीज वाहू द्यायची ते तो कॉम्प्युटर ठरवतो.

कॉम्प्युटरला या वायरींत वीज नीट वाहत नाही असं दिसलं, की तो दिवा लावतो आणि कोड लिहून ठेवतो. ताल मग बहुधा एका सुरक्षित जागी थांबून राहतो. म्हणून गाडी चालते, पण ओढत नाही.

कोड वाचायची सोय गाडीतच असते. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं. भारत स्टेज ४ च्या मोटारींना २०१३ पासून ही सोय सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झालं, त्या गाड्यांत तर ती आहेच. पण कोड वाचला म्हणजे रोग कळला असं होत नाही. पी००१० म्हणजे ताल बदलणाऱ्या भागाच्या वीजमार्गात दोष. पी००११ म्हणजे ताल हवा त्यापेक्षा पुढे गेला. नंबर शेजारचे, गोष्ट निराळी. पी००११ आला तर आधी ऑइल बघायचं. कमी आहे का, काळं-चिकट झालंय का, व्हॉल्व्हची जाळी तुंबलीय का, आणि मग चेन. पी००१० आला तर आधी वायर, कनेक्टर, फ्यूज आणि व्हॉल्व्हचं वेटोळं. दोन्हींना ढोबळपणे टायमिंगचा कोड म्हणतात, आणि तिथेच वाट चुकते.

आमच्या लेकीने काय काय तपासलं ते क्रमाने सांगतो. तुम्ही स्वतः करा असा आग्रह नाही. पण काय करायला हवं हे माहीत असलं, की केलं का हे विचारता येतं.

पहिलं, इंजिन थंड होऊ दिलं. गाडी सीएनजीची, म्हणून गॅसचा वास येत नाही ना याची खात्री केली आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला. गॅसचा वास असेल तर विजेच्या तपासणीला हात लावायचा नाही.

दुसरं, कोड पुसला नाही. आधी वहीत उतरवला. दिवा लागला तेव्हा इंजिन किती गरम होतं, वेग काय होता, हेही कॉम्प्युटर लिहून ठेवतो. कोड पुसला की ती नोंदही जाते. दिवा घालवून देतो म्हणणाऱ्याला म्हणून थांबवायचं.

तिसरं, बॅटरी. मल्टीमीटरने मोजली, १२.५ व्होल्ट. चांगली. बॅटरीच कमजोर असेल तर पुढचे सगळे आकडे खोटे पडतात.

चौथं, फ्यूज. शाबूत होता.

पाचवं, डोळ्यांनी बघणं. यातच पुष्कळ दोष सापडतात. व्हॉल्व्हचा कनेक्टर काढून आत पाहिला. ऑइल शिरलेलं नव्हतं, पिना वाकड्या नव्हत्या, हिरवा गंज नव्हता.

सहावं, कनेक्टर काढलेला असतानाच व्हॉल्व्हच्या दोन पिनांमध्ये मीटर लावून वेटोळ्याचा रोध मोजला. आला ७.४ ओम. प्रत्येक गाडीचा बरोबर आकडा तिच्या सर्व्हिस पुस्तकात असतो. बऱ्याच गाड्यांत तो पाचपासून पंधरा ओमपर्यंत कुठेतरी असतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर तार आत तुटली, शून्याजवळ आला तर आत चिकटली. मग एक पिन आणि इंजिनाचा धातू यांच्यात मोजलं. तिथे काहीच यायला नको, आलं नाही. म्हणजे व्हॉल्व्हचं वेटोळं ठीक. तो बदलला असता तर पैसे गेले असते आणि दिवा तसाच राहिला असता.

सातवं, करंट येतोय का. किल्ली ऑन करून, इंजिन चालू न करता, करंटच्या वायरीवर मीटर धरला. १२.३ व्होल्ट. आम्ही सगळ्या म्हणालो, येतोय की करंट! ती म्हणाली, “थांबा मावशी. मीटर फक्त चाखून बघतो, ओझं उचलत नाही.”

ही गोष्ट लक्षात ठेवा. वायरीत वीस तारा असल्या आणि त्यातली एकच शिल्लक असली, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला वीज जवळजवळ लागतच नाही. व्हॉल्व्हला मात्र लागते. १२.४ व्होल्टला ७.४ ओमने भागा, पावणेदोन अँपिअरच्या आसपास येतं. म्हणून तिने इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला. तोही पावणेदोन अँपिअरच ओढतो. एक टोक करंटच्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. बल्ब लख्ख पेटायला हवा होता. निखारा विझत आल्यासारखा तांबूस झाला. त्याच वेळी मीटर लावला तर १२.३ चे ४ व्होल्ट झालेले.

आठवं, दोष कुठे ते शोधणं. तोच बल्ब फ्यूजच्या पुढच्या टोकाला लावला, तिथे लख्ख पेटला. म्हणजे फ्यूजपासून कनेक्टरपर्यंतच्या वायरीत कुठेतरी दोष. आमच्यातल्या ज्या मागावर काम केलेल्या आहेत त्यांना हे लगेच पटलं. ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो. तेव्हा कुणी माग बदलत नाही, बीमही उतरवत नाही. तुटलेला धागा शोधायचा, गाठ मारायची, माग चालू.

वायरींवरची काळी टेप उलगडत गेलो. इंजिनाच्या मागच्या बाजूला, हात कसाबसा पोहोचेल अशा जागी, उंदराने वायर कुरतडलेली. वरचं प्लास्टिक गेलेलं, आत पावसाचं पाणी शिरलेलं, तांबं हिरवं होऊन भुगा झालेला. दोन-तीन तारा तेवढ्या धरून होत्या.

खराब तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर जोडली, सोल्डर केली, गरम केल्यावर आवळणारी नळी वर चढवली आणि वायर जागेवर बांधली. मग पुन्हा बल्ब लावला. लख्ख. कनेक्टर बसवला, कोड पुसला, वहिनींनी गाडी वाड्याच्या दिशेने फिरवून आणली. संध्याकाळी पुन्हा स्कॅनर लावला, कोड नव्हता. आठवडाभराने परत पाहिला, नव्हता.

सामानाला १८० रुपये लागले. पोरीला ५०० रुपये मजुरी दिली. ती नको म्हणत होती, तिची आईही नको म्हणत होती. पण गटाने ठराव करून दिली. घरची लेक म्हणून कसबाचं मोल शून्य धरायचं नाही. आपल्या भरतकामाचे आणि डब्यांचे पैसे कुणी बुडवले तर आपल्याला चालतं का?

आणि हेही बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं, की बिघाड उंदराने वायर कुरतडल्यामुळे झाला, चालवण्यामुळे नाही. वहिनींच्या नावापुढे ते लिहिलेलं असणं गरजेचं होतं. त्यानंतर गटातल्या आणखी दोघींनी शिकाऊ लायसन्ससाठी नाव दिलं.

बल्ब लख्ख पेटला असता तर पुढे काय केलं असतं, हेही तिने समजावलं. मग दुसरी वायर, कॉम्प्युटरकडे जाणारी, तपासायची. बॅटरीचा मायनस काढायचा, कॉम्प्युटरचं कनेक्टर सोडवायचं आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत रोध मोजायचा. तो एका ओमहून कमी हवा. मोजताना वायर हलवून बघायची, कारण काही दोष हलवल्यावरच दिसतात. ती वायर गाडीच्या धातूला चिकटलेली नाही ना, तेही बघायचं. हे सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्युटरवर संशय घ्यायचा. तो सगळ्यांत शेवटी, कारण तो सगळ्यांत महाग आणि सहसा निर्दोष असतो.

काही धोके आहेत. बल्बचा प्रयोग फक्त करंट आणणाऱ्या वायरीवर. कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या किंवा सेन्सरच्या वायरीला बल्ब लावला तर कॉम्प्युटर जळू शकतो. पिवळ्या वेष्टनाच्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांना हातच लावायचा नाही. वायरीला सुई टोचून मोजायचं नाही, त्या भोकातून पाणी शिरतं. कनेक्टरच्या भोकात जाड पिन खुपसायची नाही, ते सैल होतं. आणि इंजिनावर प्रेशरने पाणी मारून धुवायचं नाही.

आता गॅरेजचं. त्या दादांशी आमचं भांडण नाही, टायर आणि ब्रेकची कामं आजही तिथेच होतात. पण आता गाडी नेताना आम्ही चार प्रश्न विचारतो. कोडचा पूर्ण नंबर काय? तो वीजमार्गाचा आहे की ऑइल-चेनच्या बाजूचा? भाग बदलण्याआधी काय मोजलं, आकडा किती आला? आणि काढलेला जुना भाग आम्हाला परत मिळेल का? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही. आमच्या दादांनी तर दुसऱ्या वेळी आकडे आपणहून लिहून दिले.

बचत गटाच्या पंचसूत्रीत नोंदी नीट ठेवणं आहे. तेच आम्ही गाडीला लावलं. गाडीची वेगळी वही केली. ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला, दिवा कधी लागला, कोड कुठला, खर्च किती, सगळं तारखेनिशी. साधा मल्टीमीटर ३००-४०० रुपयांत येतो, तो गटाने घेतला. २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी डिक्कीत असतात. आणि दर पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या, कुरतडल्याच्या खुणा बघतो. डब्यांचं काम म्हटलं की भाताचा कण गाडीत सांडतोच, म्हणून रोज झाडून घेतो.

हे बायकांचं काम नाही असं अजून ऐकू येतं. साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा शिकल्या, रेल्वेत लागल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. ८ मार्च २०११ ला त्यांनी पुण्याहून मुंबईपर्यंत डेक्कन क्वीन चालवली. एवढं मोठं इंजिन त्यांना कळलं, तर आपल्या व्हॅनच्या दोन वायरी आपल्याला का कळू नयेत?

तुमच्या गटाकडे गाडी असेल तर पुढच्या बैठकीत एक काम करा. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातून फ्यूजचा तक्ता शोधून ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. गावात आयटीआय शिकलेली एखादी मुलगी असेल तर तिला त्या बैठकीला बोलवा, आणि तिची मजुरी आधी ठरवा.